शाळेला हवेत ताई-दादा

रत्नागिरी शहराच्या पश्चिमेला मांडवीचा किनारा आहे. इथली वाळू काळसर, म्हणून याला काळा समुद्र म्हणतात. उत्तरेला मिऱ्याकडचा तो पांढरा समुद्र. या किनाऱ्यापासून रिक्षाच्या अंतरावर प्राथमिक शाळा आहेत, हायस्कुलं आहेत, गोगटे-जोगळेकर महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. म्हणजे अडखळत वाचणारी तिसरीतली मुलं आणि त्यांना वाचायला शिकवू शकतील अशी अठरा-एकोणीस वर्षांची मुलं-मुली एकाच गावात राहतात. त्यांची गाठ मात्र क्वचितच पडते.

पडते तेव्हाही बहुधा एखाद्या कार्यक्रमापुरती. वह्यांचं वाटप होतं, दोन भाषणं होतात, फलकासमोर फोटो निघतो आणि पाहुणे जातात ते पुढच्या वर्षीच्या वाटपापर्यंत. त्यात वाईट काही नाही, वह्या मुलांना लागतातच. पण शाळेची खरी गरज वेगळी आहे. तिला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी येणारी माणसं हवी आहेत. अशी माणसं कुठून मिळतात, त्यांनी काय करायचं, किती दिवस करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, याची ही माहिती.

दोन कामं, दोन पद्धती

शाळेतल्या तरुणांच्या कामाचे ढोबळ दोन प्रकार पडतात. पहिल्यात थोडा मोठा मुलगा किंवा मुलगी लहानांचा दादा किंवा ताई होते. वाचन, गणित, पुढच्या शिक्षणाची माहिती, कधी नुसत्या गप्पा. दुसऱ्यात शाळेतली मुलं स्वतः गावासाठी काहीतरी करतात. किनारा साफ करतात, झाडं जगवतात, आजी-आजोबांना अक्षरओळख करून देतात.

पहिल्या प्रकारात मूल घेणारं असतं, दुसऱ्यात देणारं. चांगल्या उपक्रमात दोन्ही असतात. ज्या मुलाला सतत ‘तुला हे येत नाही’ असंच ऐकावं लागतं, त्याला आपणही कुणाच्या उपयोगी पडतो हे कळणं फार गरजेचं असतं. किनाऱ्यावर जाळ्याचा तुकडा ओळखण्यात वर्गातला पहिला नंबरवाला मागे पडतो आणि खारव्याचं पोर पुढे असतं.

जिल्ह्याला हे नवं नाही

महर्षी धोंडो केशव कर्वे यांचा जन्म १८५८ साली खेड तालुक्यातल्या शेरवलीचा. शाळा झाली ती दापोली तालुक्यातल्या मुरुडला. तिथल्या सोमण गुरुजींचा त्यांच्यावर खोल परिणाम झाला. गुरुजींना सार्वजनिक कामाची ओढ होती आणि त्यात ते विद्यार्थ्यांनाही ओढत. त्यांच्याच सांगण्यावरून शाळकरी धोंडू देवळात जमलेल्या गावकऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवी. वाचता येणाऱ्या मुलाने न येणाऱ्यांना वाचून दाखवायचं, एवढंच ते काम. पुढे कर्व्यांनी गावच्या कामांसाठी ‘मुरुड फंड’ उभा केला आणि नंतर स्त्रीशिक्षणाचं काम केलं, त्याचं मूळ या सवयीतही शोधता येतं.

साने गुरुजीही दापोली तालुक्यातलेच, पालगडचे. अंमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयाची जबाबदारी त्यांच्याकडे आली तेव्हा मुलांच्या खोल्या आवरण्यापासूनची कामं त्यांनी स्वतः केली. मुलांसाठी ते हाताने लिहून ‘छात्रालय दैनिक’ काढत. आज दोघांचेही पुतळे आणि जयंत्या आपल्याला ठाऊक आहेत. दोघांच्याही कामात समान होता तो नेमाचा रतीब.

हाताशी असलेली यंत्रणा

नवी संस्था काढायची गरज नाही. राष्ट्रीय सेवा योजना, म्हणजे आपली एनएसएस, २४ सप्टेंबर १९६९ रोजी महात्मा गांधींच्या जन्मशताब्दी वर्षात सुरू झाली. तेव्हा ती ३७ विद्यापीठांत होती आणि तिचे सुमारे ४०,००० स्वयंसेवक होते. शिक्षणाच्या प्रत्येक टप्प्यावर समाजसेवा असावी, ही शिफारस त्याआधी कोठारी आयोगाने केली होती. आज ही योजना देशभरच्या महाविद्यालयांत आहे, अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठीही आहे.

योजनेचं गणित समजून घेतलं तर शाळांशी तिची सांगड सहज बसते. स्वयंसेवकाने दोन वर्षांत २४० तास, म्हणजे वर्षाला १२० तास काम करायचं असतं. या १२० तासांची ठरलेली विभागणी अशी: २० तास ओळख आणि प्रशिक्षण, ३० तास महाविद्यालयाच्या आवारातलं काम, ७० तास प्रत्यक्ष समाजात. शिवाय सात दिवसांचं निवासी शिबिर असतं.

आता ७० तासांचा हिशेब मांडू. जुलैच्या मध्यापासून फेब्रुवारीअखेरपर्यंतचे शनिवार धरा. गणपती, दिवाळी आणि कॉलेजच्या परीक्षा वजा केल्या तरी वीस-बावीस शनिवार हाती राहतात. दर शनिवारी मुलांसोबत एक तास, आधी तयारीचा अर्धा तास आणि नंतर नोंदींचा अर्धा तास. असे दोन तास धरले तर चाळीस-चव्वेचाळीस तास होतात. म्हणजे ठरलेल्या कोट्यातच सगळं बसतं, वर किनारा स्वच्छतेसारख्या कामांना वेळ उरतो.

एका युनिटमध्ये साधारण शंभर स्वयंसेवक असतात. त्यातले फक्त वीस जण या कामाला दिले, दोघा-दोघांच्या जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीकडे आठ मुलं दिली, तर ऐंशी मुलांची सोय होते. बाकीचे ऐंशी स्वयंसेवक वृक्षारोपण, रक्तदान, पथनाट्य करायला मोकळे.

शाळेच्या बाजूनेही दार उघडं आहे. केंद्र सरकारच्या ‘विद्यांजली’ योजनेत शाळा आपली गरज नोंदवते आणि स्वयंसेवक त्यासाठी नाव देतात. ही योजना २०१६ साली आली आणि ७ सप्टेंबर २०२१ रोजी नव्या रूपात सुरू झाली. पहिली ते आठवीसाठी राज्य सरकारने २०२४ मध्ये ‘आनंददायी शनिवार’ ही कल्पना आणली. त्यामुळे शनिवारचा एक तास मागायला मुख्याध्यापकांकडे गेलात, तर त्यांनाही तो बसवणं अवघड जाऊ नये.

बालसखीचा अनुभव

बी.एड. न झालेली मुलं वाचायला काय शिकवणार, असं कुणीही विचारील. त्याचं उत्तर मुंबईतच मिळालेलं आहे. ‘प्रथम’ या संस्थेने महापालिकेच्या शाळांत ‘बालसखी’ नेमल्या. वस्तीतल्याच, दहावी-बारावी झालेल्या तरुण मुली. त्यांना सुरुवातीला दोनेक आठवड्यांचं प्रशिक्षण मिळे. तिसरी-चौथीतली मागे पडलेली पंधरा-वीस मुलं वर्गातून बाजूला घेऊन त्या रोज सुमारे दोन तास त्यांना अक्षरं, शब्द आणि अंकांची मूळ कौशल्यं शिकवत.

२००१ ते २००३ या काळात मुंबई आणि वडोदऱ्यातल्या शाळांत या कामाची शास्त्रीय तपासणी झाली. ती करणाऱ्यांत अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डफ्लो होते. पुढे २०१९ साली याच प्रकारच्या संशोधनासाठी मायकेल क्रेमर यांच्यासह त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. निष्कर्ष दोन होते. एक, मुलांचे गुण वाढले आणि सर्वांत जास्त फायदा सर्वांत मागे असलेल्या मुलांचा झाला. दोन, उपक्रम थांबल्यावर वर्षभराने पाहिलं, तर त्यातला बराचसा फायदा ओसरला होता.

दोन्ही निष्कर्ष सारखेच महत्त्वाचे आहेत. पहिला सांगतो, हे काम साध्या तरुणांना जमतं. दुसरा सांगतो, ते चालू ठेवावं लागतं.

मूल कुठे आहे, ते आधी पाहा

सगळ्यात पहिली पायरी म्हणजे मूल नेमकं कुठे अडलंय ते शोधणं. ‘असर’ या देशव्यापी पाहणीत त्यासाठी एकच कागद वापरतात. त्यावर सुटी अक्षरं, साधे शब्द, चार सोप्या वाक्यांचा परिच्छेद आणि छोटी गोष्ट असते. मूल जिथपर्यंत सहज पोचतं, ती त्याची पातळी. गणितात एक ते नऊ अंक, मग दोन अंकी संख्या, मग हातच्याची वजाबाकी, शेवटी भागाकार. एका मुलाला पाच-सात मिनिटं पुरतात.

यात इयत्ता बघायची नाही. चौथीतला मुलगा शब्दांवर अडला असेल, तर तो शब्दांच्या गटात बसेल. तिसरीतली मुलगी गोष्ट वाचत असेल, तर ती गोष्टीच्या गटात. फक्त या गटांना ‘हुशार’ आणि ‘ढ’ अशी नावं पडू द्यायची नाहीत. बांगडा, सुरमई, पापलेट अशी नावं द्या. दर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तोच कागद काढा आणि पुढे गेलेल्या मुलाला पुढच्या गटात बसवा.

एक तास कसा जातो

समजा, आठ मुलं गोल करून बसली आहेत. पहिली दहा मिनिटं गप्पांची. कोण काय जेवून आलं, कुणाकडे पाहुणे आलेत, कुणाच्या होडीला काल काय मिळालं. या दहा मिनिटांत ताईला बरंच कळतं. झोप न झालेलं मूल, उपाशी आलेलं मूल, गेल्या शनिवारी न आलेलं मूल.

नंतर वीस मिनिटं वाचन. ताई एक छोटी गोष्ट हावभावांसह वाचते, मग मुलं एकेक वाक्य वाचतात. एखादा ‘समुद्र’ शब्दाशी थांबतो, ‘समुदर’ म्हणतो. ताई लगेच दुरुस्त करत नाही. पाटीवर ‘द’ लिहिते, खाली ‘र’ लिहिते, दोन्ही जोडून ‘द्र’ करून दाखवते आणि विचारते, असा आवाज आणखी कशात येतो? कुणी चंद्र म्हणतं, कुणी इंद्र, एखादं भाद्रपद म्हणतं, कारण गणपती जवळ आलेले असतात. चार शब्द पाटीवर येतात. पुढच्या शनिवारी ताई त्याच मुलाला त्यातला एक शब्द पुन्हा वाचायला देते. तो वाचतो. शिकवणं म्हणतात ते हेच.

पुढची वीस मिनिटं गणिताची. पुस्तकातलं उदाहरण बाजूला ठेवून बाजार मांडता येतो. बांगड्याचा वाटा पासष्ट रुपयांना, हातात शंभराची नोट, परत किती? मासळीबाजारात आईजवळ बसणारी मुलगी तोंडाने झटकन ‘पस्तीस’ सांगते आणि तेच गणित पाटीवर उभं मांडलं की चुकते. शून्यातून पाच जात नाहीत, मग दशकाकडून एक घ्यायचा, तिथेही शून्य, मग शतकाकडे जायचं. तिच्या तोंडच्या हिशेबाला ही मांडणी कशी जुळते, ते दाखवून देणं हे दादाचं काम.

शेवटची दहा मिनिटं खेळ किंवा गाणं. मुलं गेल्यावर वहीत प्रत्येकाच्या नावापुढे एक ओळ. ‘जोडाक्षरं अडतात.’ ‘आज स्वतःहून वाचलं.’ ‘दोन शनिवार गैरहजर, बाईंना सांगितलं.’ ही वही शाळेतच ठेवायची. दादा बदलला तर नव्या दादाला तिचाच आधार असतो.

आठवी ते दहावी: माहितीचा दुष्काळ

मोठ्या मुलांची गरज वेगळी. घरात कुणीच दहावीच्या पुढे गेलेलं नसेल, तर मुलाला प्रश्नच पडत नाहीत, कारण काय विचारायचं हेच ठाऊक नसतं. आयटीआय आणि तंत्रनिकेतन यांत फरक काय? दहावीनंतर डिप्लोमाला जाता येतं का? मत्स्यशास्त्राची पदवी घ्यायची तर बारावीला कोणते विषय लागतात? त्या वाटेने नुकताच गेलेला मुलगा याची उत्तरं एखाद्या मोठ्या व्याख्यानापेक्षा चांगली देतो.

याचं एक ठोस उदाहरण म्हणजे एनएमएमएस शिष्यवृत्ती. आठवीत असताना परीक्षा द्यायची. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाख रुपयांपर्यंत असलेल्या, सरकारी किंवा अनुदानित शाळेतल्या मुलांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये मिळतात, म्हणजे चार वर्षांत ४८,०००. अडचण बहुतेकदा अभ्यासाची नसते. उत्पन्नाचा दाखला वेळेत निघत नाही, बँकेचं खातं नसतं, अर्जावरचं आणि आधारवरचं नाव जुळत नाही. इथे दादाने तहसील कार्यालयाची एक चक्कर पालकांसोबत मारली, तरी एका कुटुंबाचं चार वर्षांचं काम होतं.

शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, झाडगावचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र, तंत्रनिकेतनाची कार्यशाळा, बंदरावरचा बर्फाचा कारखाना. अशा ठिकाणी आठ-दहा मुलांना घेऊन जा. सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना असावेत, असं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण सांगतं. त्यातले दोन-तीन दिवस अशा भेटींना द्यावेत.

मांडवीचा किनारा हीच प्रयोगशाळा

आता दुसरा प्रकार, मुलांनी गावासाठी करायचं काम. मांडवीच्या शाळांसाठी किनारा हा हाताशी असलेला विषय आहे. पावसाळ्यानंतर वाळूवर काय काय येऊन पडतं! नायलॉन जाळ्यांचे तुकडे, थर्माकोल, एकेकट्या चपला, बाटल्या, झाकणं, गुटख्याच्या पुड्या. गौरी-गणपतीच्या आणि अनंत चतुर्दशीच्या विसर्जनानंतर निर्माल्य आणि सजावटीचं सामान.

नुसता कचरा उचलला तर मुलं सफाई कामगार होतात आणि पुढच्या भरतीला किनारा जैसे थे. मोजून उचलला तर तो अभ्यास होतो. १९८६ साली अमेरिकेतल्या टेक्सासच्या किनाऱ्यावर अशी सामूहिक सफाई झाली, तेव्हा स्वयंसेवकांनी प्रत्येक वस्तूची नोंदही केली. त्यातूनच आजचा आंतरराष्ट्रीय किनारा स्वच्छता दिन आला. तो सप्टेंबरच्या तिसऱ्या शनिवारी असतो.

त्यासाठी पद्धत साधी आहे. किनाऱ्याचा पन्नास मीटरचा पट्टा दोरीने आखून घ्या. दर महिन्याला तोच पट्टा. चार-चार मुलांचे गट करा. दोघं उचलणार, एक मोजणार, एक लिहिणार. प्रकार पाच-सहाच ठेवा: जाळी-दोऱ्या, थर्माकोल, बाटल्या-झाकणं, पिशव्या-वेष्टनं, काच, इतर. शेवटी काट्यावर वजन. चार महिन्यांचे आकडे जमले की स्तंभालेख काढता येतो. तो गणिताचा तास झाला. यातलं काय कुजतं आणि काय नाही, हा विज्ञानाचा. ज्या वस्तू सर्वांत जास्त सापडल्या त्यांबद्दल नगर परिषदेला, मच्छीमार सोसायटीला, किनाऱ्यावरच्या टपरीवाल्यांना आकड्यांसह पत्र लिहिणं, हा मराठीचा. राज्यात २०१८ पासून प्लॅस्टिकबंदी आहे आणि देशात १ जुलै २०२२ पासून एकदा वापरून टाकायच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर बंदी आहे. मुलांचे आकडे ही बंदी किनाऱ्यावर कितपत पोचली ते दाखवतात.

वेळ ठरवताना घड्याळाआधी पंचांग बघावं. कोकणात जुना ठोकताळा आहे: तिथीला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला भरती तीनच्या सुमारास, म्हणजे ओहोटी नवाच्या सुमारास. शाळेच्या मुलांसाठी ही वेळ उत्तम. अष्टमीला भरती सहाला आणि ओहोटी भर दुपारी बाराला, म्हणजे उन्हाचा त्रास. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी पौर्णिमा, ओहोटी पहाटे पाच-साडेपाचच्या आसपास. तेव्हा निर्माल्य उचलायला सातला पोचावं आणि नवाच्या आत मुलांना वर आणावं. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, पाणी झपाट्याने चढतं. हा ठोकताळा अंदाजासाठीच आहे. नक्की वेळ भरती-ओहोटीच्या तक्त्यात बघून घ्यावी. हे गणित मुलांना घरातल्या आजोबांकडून समजून आणायला सांगा. वर्गात ज्याचं काही चालत नाही, अशा मुलाचे आजोबा त्या दिवशी सगळ्यांचे गुरुजी होतात.

हातमोजे सगळ्यांना हवेत. काच, सुया आणि जेलीफिश यांना मुलांनी हात लावायचा नाही. पाण्यात कुणीही उतरायचं नाही. सोबत प्रथमोपचाराची पेटी आणि पोहता येणारी दोन मोठी माणसं असावीत.

वेळासने काय केलं

चिकाटी ठेवली तर असं काम कुठवर जातं, त्याचा दाखला जिल्ह्याच्या उत्तर टोकाला आहे. मंडणगड तालुक्यातल्या वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. ती अंडी पूर्वी माणसं नेत, कुत्री-कोल्हे खात. चिपळूणच्या ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ या संस्थेने २००२ साली तिथे घरटी राखायचं काम सुरू केलं. अंडी सुरक्षित कुंपणात हलवायची, दीड-दोन महिने राखण करायची आणि पिल्लं बाहेर आली की समुद्राकडे सोडायची. गावातल्याच लोकांना यात घेतलं. पुढे कासव महोत्सव सुरू झाला, पर्यटक आले, घरोघरी राहण्या-जेवणाची सोय झाली, गावात चार पैसे आले.

बाहेरच्या माणसांनी सुरू केलेलं काम गावाने आपलं मानलं, म्हणून ते टिकलं. शाळेतल्या उपक्रमालाही हाच नियम लागू आहे. कॉलेजचे स्वयंसेवक दोन वर्षांनी पदवी घेऊन जाणारच. शाळेतले शिक्षक आणि शाळा व्यवस्थापन समिती यांनी काम आपलं म्हटलं नाही, तर ते स्वयंसेवकांबरोबरच संपतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या महिला. उपक्रमाची पहिली बैठक त्यांच्यासमोरच व्हावी. जून-जुलैत मासेमारी बंद असते आणि होड्या किनाऱ्याला असतात. मच्छीमार पालकांना गाठायला ते दिवस बरे.

अर्धवट सोडण्यापेक्षा न केलेलं बरं

अमेरिकेत ‘बिग ब्रदर्स बिग सिस्टर्स’ नावाची चळवळ आहे. तिचा उगम १९०४ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. बालन्यायालयात काम करणारे अर्नेस्ट कूल्टर रोज पोरांना कोर्टात उभं राहिलेलं बघत. एकेका मुलामागे एक मोठा माणूस उभा राहावा, असं आवाहन त्यांनी केलं. या चळवळीतल्या मुलांचा पुढे बराच अभ्यास झाला. ज्यांची सोबत वर्षभर किंवा त्याहून जास्त टिकली, त्यांना सर्वाधिक फायदा झाला. ज्यांची सोबत तीन महिन्यांच्या आत तुटली, त्या मुलांचा स्वतःवरचा विश्वास उलट घटला.

जीन रोड्स आणि जीन ग्रॉसमन यांचं हे संशोधन २००२ सालचं. त्याचा अर्थ कुठल्याही आईला सांगावा लागणार नाही. ज्या मुलाला आधीच कुणीतरी सोडून गेलेलं असतं, ते मूल शनिवारी दाराकडे बघत असतं. दादा आला नाही, तर परीक्षा होती, गाडी चुकली, पाऊस होता, ही कारणं त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. आपल्यातच काहीतरी खोट आहे, एवढंच त्याला वाटतं.

म्हणून स्वयंसेवक निवडताना हुशारीपेक्षा एकच प्रश्न विचारा: फेब्रुवारीपर्यंत येशील का? नक्की नसेल तर त्याला किनाऱ्याच्या किंवा झाडांच्या कामात घ्या, मुलांचा गट देऊ नका. जोडीने काम द्यायचं ते याचसाठी. एकाची परीक्षा असली तरी दुसरा असतो. आणि निरोप घ्यायचाच असेल, तर तो आधी सांगून, शेवटच्या शनिवारी सगळ्यांसमोर घ्या.

सुरक्षितता: इथे तडजोड नाही

मुलांच्या कामात चांगला हेतू पुरेसा नसतो. पुढचे नियम लेखी असावेत आणि स्वयंसेवक, शिक्षक, पालक सर्वांना दिलेले असावेत.

१. स्वयंसेवकाचं ओळखपत्र, कॉलेजचं पत्र आणि चारित्र्य पडताळणी झाल्याशिवाय मुलांसोबत काम नाही.

२. एक मोठा आणि एक मूल बंद खोलीत कधीच नाही. गट व्हरांड्यात, मैदानात किंवा दार उघड्या वर्गात बसेल. शाळेचे एक शिक्षक आवारात असतील.

३. मुलांशी फोनवर वैयक्तिक बोलणं, त्यांना घरी बोलावणं, भेटवस्तू, गाडीवरून सोडणं, हे सगळं बंद.

४. मुलांचे फोटो समाजमाध्यमांवर टाकायचे नाहीत. पालकांची लेखी परवानगी असली तरी नाव, शाळा आणि चेहरा एकत्र नको.

५. मुलाने काही गंभीर सांगितलं, तर ‘कुणाला सांगणार नाही’ असं वचन द्यायचं नाही. शांतपणे ऐकायचं, त्याच दिवशी मुख्याध्यापकांना सांगायचं आणि पोलिसांत नोंद होते ना, हे पाहायचं. बालकांच्या लैंगिक शोषणाची माहिती पोलिसांपर्यंत पोचवणं २०१२ च्या पॉक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक आहे, ती दडवणं गुन्हा आहे. १०९८ ही चाइल्डलाइन कधीही लावता येते.

राज्यातल्या शाळांत ‘सखी सावित्री’ समिती असावी, असा २०२२ चा शासनाचा आदेश आहे. आपल्या शाळेत ती आहे का, शेवटची कधी बसली, हे उपक्रम सुरू करण्याआधी विचारून घ्या.

सुरुवात कशी करायची

जून: मुख्याध्यापकांना भेटा. ‘आम्ही काय देऊ’ हे सांगण्याआधी ‘तुम्हाला काय हवंय’ हे विचारा. कदाचित त्यांना वाचनवर्ग नको असेल, मोडलेलं ग्रंथालय लावून हवं असेल.

जुलै: पालकांची बैठक, स्वयंसेवकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण, मुलांची पातळी तपासणी. पहिल्या वर्षी एकच शाळा आणि चाळीसच मुलं घ्या.

ऑगस्ट ते फेब्रुवारी: दर शनिवारी तास, महिन्यातून एकदा किनारा. दर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा तपासणी.

मार्च: शेवटची तपासणी, निरोप आणि पालकांसमोर हिशेब. यात आकडे प्रामाणिक असावेत. चाळीसपैकी बारा मुलं पुढे सरकली नसतील, तर तसं लिहा आणि का नाही तेही लिहा. पुढच्या वर्षीच्या स्वयंसेवकांना याच नोंदी सगळ्यात उपयोगी पडतात.

खर्च? पाट्या, खडू, गोष्टींची वीस-पंचवीस पुस्तकं, हातमोजे, दोरी, वजनकाटा, नोंदवही. एखाद्या वाटप समारंभाच्या मंडपाला यापेक्षा जास्त लागतात.

मांडवीत, राजिवड्यात, मिरकरवाड्यात किंवा तुमच्या गावात, शाळा तुमच्या घरापासून लांब नसणार. तुम्ही कॉलेजात असाल तर एनएसएसच्या कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. निवृत्त असाल तर थेट मुख्याध्यापकांना भेटा. पालक असाल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढा. मात्र एक शनिवार ठरवलात, तर त्याच्या पुढचा शनिवारही ठरवून टाका. तेवढी तयारी नसेल, तर वह्या वाटून या. तेही चांगलंच काम आहे, फक्त त्याला मार्गदर्शन म्हणू नका.